मागच्या खोलीतले दोन फूट

४ फेब्रुवारी

ती. दादांच्या चरणी, नगरपालिकेच्या कागदांत ज्याचा उल्लेख ‘व इतर १’ असा होतो, त्याचा साष्टांग नमस्कार.

पत्राची सुरुवात तक्रारीने करू नये हे मला ठाऊक आहे. पण तक्रार गंभीर आहे आणि तुमच्याशिवाय ती कुणापुढे मांडावी ते सुचत नाही. घरपट्टीची नवी नोटीस आली आहे. तिच्यावर तुमचं नाव सगळंच्या सगळं छापलं आहे: तुमचं, वडिलांचं, मग आडनाव. त्याच्यापुढे ‘व इतर १’. तो एक म्हणजे मी. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो आहे, पण मला तोंडावर ‘इतर’ म्हणायची हिंमत आजवर एकाही विद्यार्थ्याने केलेली नाही. त्यात तो एकसुद्धा अंकी. चेकवरची रक्कमदेखील माणसं अक्षरी लिहितात. मी हे नगरपालिकेच्या खिडकीवरच्या बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही दोघंच आहात म्हणून बरं. काहींच्या मागे इतर चौदा असतात.”

हे झालं दुःख. आता काम.

घरपट्टी अडीचपट केली आहे. हरकत घ्यायला तीस दिवस दिले आहेत, त्यातले चार नोटीस टेबलावर ठेवून तिच्याकडे बघण्यात गेले. घर दोघांच्या नावावर असल्याने हरकतीच्या अर्जाला तुमचं संमतीपत्र लागतं, आणि त्यावर तुमची खरी सही. फोनवर सही करता येत नाही, आणि फोन तुम्ही उचलतही नाही. म्हणून पत्र. फॉर्म सोबत आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. परतीचं पाकीट तिकीट लावून घातलं आहे, तेव्हा तो खर्च तुमच्यावर पडणार नाही.

हरकतीचा मुख्य मुद्दा असा. नकाशात मागची खोली बारा फूट रुंद दाखवली आहे. ती प्रत्यक्षात दहा फूट भरते. मी तीन वेळा मोजली. तिसऱ्या वेळी टेपचं दुसरं टोक हिने धरलं होतं, त्यामुळे त्यात पक्षपात झाला असेल तर तो माझ्या विरुद्धच झाला असेल. म्हणजे जे दोन फूट मुळात नाहीतच, त्यांचीही घरपट्टी आपण भरतो आहोत. अभाव हासुद्धा एक पदार्थ आहे असं न्यायशास्त्र मानतं. पण त्यावर कर बसवण्याचा विचार आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. बाकीची वाढ कशाने झाली ते नोटिशीतून कळत नाही. मी अन्वय लावून वाचली, तरी कळत नाही.

हरकत मान्य झाली नाही तर मागची खोली भाड्याने द्यावी लागेल असं ही म्हणते. ती तसं म्हणते तेव्हा माझ्या पुस्तकांकडे बघत नाही, त्यावरून ते खरं असावं.

दोन फुटांच्या मुद्द्यात कुणावर आरोप नाही, हे आवर्जून लिहितो. निव्वळ मोजमाप आहे. मध्यंतरी आपला पत्रव्यवहार थोडा मंदावला होता, त्याचा आणि ह्याचा काही संबंध जोडू नये.

वहिनींना नमस्कार. सही निळ्या शाईत चालते.

आपला,
इतर १


१५ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म परत मिळाला. माझी पेन्सिलीची फुली जशीच्या तशी आहे, तिच्या शेजारची जागाही जशीच्या तशी आहे. मागच्या बाजूला वहिनींच्या अक्षरात दोन ओळी: “हे सांगतात, मोजणीवाला येईल तेव्हा त्याला मागच्या खोलीतल्या खिडकीत बसव. आणि मला तुम्ही-आम्ही करू नकोस, मी काही तुझ्या शाळेचा इन्स्पेक्टर नाही.”

नऊ वर्षांनी तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. मी ते हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “बघा, भावजींनी दोन ओळींत काम केलं. तुम्ही दोन पानं लिहून काय मिळवलंत?” मग मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र कसं होतं ते तिने विचारलं. मी नक्कल ठेवली होती, ती दाखवली. दोन फुटांचा परिच्छेद तिने दोनदा वाचला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“हे तुम्ही त्यांना पाठवलंत?”

“मोजमाप आहे ते.”

“मोजमाप. माणूस गवंडी आहे. स्वतःच्या हाताने त्याने हे घर बांधलं. आणि तुम्ही त्याच्याकडून लिहून घेताय की मी दोन फूट कमी बांधलं, वर तिकीट लावून. तुम्ही अर्जातसुद्धा शालजोडीतले मारता.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आधी आलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला ह्या घरात फारशी पत नाही, पण सांगतो.

तरी हरकत दाखल करावीच लागली, मुदत कुणासाठी थांबत नाही. पहिला अर्ज नऊ पानांचा झाला होता. खिडकीवरच्या बाईंनी बोटात रबरी टोपण चढवलं, नऊही पानं उलटली आणि म्हणाल्या, “प्रस्तावना काढा.” दुसऱ्या दिवशी पाच पानं नेली. “उपमा काढा.” तिसऱ्या दिवशी सव्वा पान नेलं तेव्हा त्यांनी शिक्का मारला. आयुष्यात माझ्या लिखाणाचं इतकं निःपक्षपाती संपादन कुणी केलं नव्हतं. मी मनापासून आभार मानले, तर त्या म्हणाल्या, “सर, आभार मागच्या बाकावर बसून माना, रांग आहे.” भावाच्या संमतीशिवाय अर्ज तूर्त घेतला आहे, पण सुनावणीच्या दिवशी ती नसेल तर अर्ज निकाली. आणि हो, सव्वा पानात मुद्दा क्रमांक एक तोच आहे. दोन फूट. मुद्दा क्रमांक दोन, बाकीची वाढ कशाने झाली ते कळत नाही.

मोजणीवाला वीस तारखेला येतो आहे. तू सांगितलंस म्हणून त्याला खिडकीत बसवीन. का बसवायचं ते विचारत नाही. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. घर बांधून झालं तेव्हा मी विचारलं होतं, खोली अरुंद का झाली. तू थापी धूत होतास. म्हणालास, “विटा उरल्या होत्या.” त्यावर मी काय बोललो असेन ते तुला आठवत असेल, मला आठवत नाही. ही माझी सोय आहे.

फॉर्म पुन्हा जोडला आहे. ह्या वेळी फुली मारलेली नाही. सही कुठे करायची ते तुला कळतं.

तुझा धाकटा


२१ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र सावकाश वाच. मी सावकाश लिहितो आहे.

मोजणीवाला काल आला. किडकिडीत माणूस, पायात कापडी बूट, खिशात लाल किरण सोडणारं यंत्र आणि कमरेला पोलादी टेप, कारण त्याचा यंत्रावर विश्वास नाही. आधी घर बाहेरून मोजलं. सगळं नकाशाबरहुकूम, इंचाचाही फरक नाही. “बांधणारा पक्का माणूस दिसतो,” असं तो स्वतःशीच म्हणाला. मग आत आला. मागची खोली मोजली, वहीत लिहिली, पुन्हा मोजली. मला वाटलं, जिंकलो.

तो म्हणाला, “सर, भिंत कुठे गेली?”

“कुठली?”

“बाहेरून बरोबर आहे, आतून दोन फूट कमी आहे. म्हणजे दोन फूट भिंतीत आहेत.”

मी म्हटलं, आमच्या भावाचा निरोप आहे, तुम्ही खिडकीत बसा. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी वर्गात नेहमी बघतो. पण बसला. पाय वर घेतले, पाठ टेकली, तरी गुडघ्यांपुढे जागा उरली.

“ह्या खिडकीत अख्खा माणूस मावतो.”

“हो. मी एकतीस वर्षं मावतो आहे.”

“आणि इतकी रुंद खिडकी का, असं कधी वाटलं नाही?”

दादा, खरं सांगतो, नाही वाटलं. मला वाटायचं खिडक्या अशाच असतात. तिथल्या बसायच्या फळीवर एका कडेला मी माझे कोश ठेवतो.

त्याने कोश उतरवायला लावले. आठ खंड, त्याने चार उचलले, मी चार. मग पेचकसाने फळीचे दोन स्क्रू काढले आणि फळी उचलली. खाली लाकडाचा भुसा होता. दाबून भरलेला, चुना मिसळून, जेमतेम ओलसर वाटेल असा थंड. एकतीस वर्षांनी त्याला अजून लाकडाचा वास येत होता. मोजणीवाल्याने हात कोपरापर्यंत आत घातला, भिंतीवर बोटाने टकटक केली, मग दुसऱ्या बाजूला टकटक केली.

“दोन भिंती आहेत,” तो म्हणाला. “इकडे नऊ इंच, तिकडे नऊ इंच, मध्ये सव्वा फूट. त्यात भुसा. चुना वाळवीसाठी. असं रेडिओ केंद्रात करतात, आवाज अडवायला. साध्या घरात मी पहिल्यांदा बघतोय. पलीकडे काय होतं?”

“करवतीचा कारखाना. बंद होऊन बारा वर्षं झाली. आता तिथे गाड्या लावतात.”

“करवत किती वेळ चालायची?”

“सकाळी सातला सुरू व्हायची. दिवे लागेपर्यंत.”

“मग तुम्हाला ह्या खोलीत ती ऐकू येत नव्हती?”

“अंगणात गेलं की यायची. खोलीत नाही.”

“का येत नाही, हा विचार?”

दादा, मी त्याला जे उत्तर दिलं ते तुला लिहून कळवणं मला भाग आहे. मी म्हटलं, “मला वाटायचं माझी एकाग्रता चांगली आहे.”

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. हातावरचा भुसा झटकत त्याने विचारलं, “तेव्हा काय करत होता तुम्ही इथे?” मी म्हटलं, एम.ए.चा अभ्यास. “आणि भाऊ?” मी म्हटलं, घर बांधत होता.

त्याने फळी परत बसवली. स्क्रू आवळायला मी मदत केली, म्हणजे स्क्रू हातात धरून उभा राहिलो.

तुला माहीत नसेल, पण सव्वीस वर्षं मी दर जूनमध्ये प्रत्येक नव्या वर्गाला एक गोष्ट सांगतो. मुलांनो, मी करवतीच्या कारखान्याला चिकटलेल्या खोलीत बसून विद्यापीठात दुसरा आलो, आणि तुम्हाला पंख्याचा आवाज सहन होत नाही. सव्वीस जून, दादा. दर वर्षी दोन वर्ग. त्या करवतीचाच भुसा तू पोत्यांनी आणून भिंतीत भरलास आणि तिचाच आवाज अडवलास, आणि श्रेय मी घेत बसलो. मोबदल्यात तुला काय दिलं, ते आता लिहितो, कारण पहिल्या पत्रात मी ते ‘मंदावला’ ह्या शब्दाखाली झाकलं होतं.

मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आली होती. व्याह्यांनी ही खोली बघितली आणि म्हणाले, छान आहे, शांत आहे. मी म्हणालो, “खोली बारा फुटांची आहे, फक्त त्यातले दोन फूट आमच्या दादाने खाल्ले.” सगळे हसले. तूही हसलास. म्हणून माझा समज झाला की विनोद तुला आवडला. मी तो पुन्हा एकदा सांगितला, जेवताना. तू स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलंस, वहिनींना म्हणालास, “चल, सकाळी काम आहे,” आणि त्या दिवसापासून ह्या घरात आला नाहीस. गवंड्याने खाल्लं असं चार लोकांत म्हणणं म्हणजे त्याने मालात चोरी केली असं म्हणणं, हे मला नंतर एका मेस्त्रीने समजावून सांगितलं. तेव्हासुद्धा मी मनात म्हटलं, दादाला विनोद कळत नाही.

तुला विनोद कळत होता. मला भिंत कळली नाही.

कायद्याचं म्हणशील तर मोजणीवाला जाताना सांगून गेला की आपला मुद्दा पडला. घर बाहेरून मोजायचा नियम आहे, भिंत जाड असली तर ती घरमालकाची हौस. पण दारापाशी तो थांबला, नोटीस पुन्हा बघितली, आणि म्हणाला, “सर, ह्यात इमारतीचं वय अकरा वर्षं लिहिलंय. एकतीस ना? कुणीतरी भरताना चूक केली आहे. तुमची सगळी वाढ ह्या एका आकड्यात आहे. काम पूर्ण झाल्याचा जुना दाखला दाखवा, निम्म्याहून खाली येईल.” चहा घेतला नाही. पाणी घेतलं. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि त्याचे आभार मानले, दाखल्याबद्दल असं त्याला वाटलं असेल.

तो दाखला माझ्याकडे नाही. मी घरभर शोधला. तो तुझ्याचकडे असणार, कारण तू कागद जपतोस आणि मी पुस्तकं.

पाठवशील का, हे विचारायचा अधिकार मला उरला आहे की नाही ते माहीत नाही. सहीचंही तेच. तू काहीच पाठवलं नाहीस तरी मला राग येणार नाही. मागची खोली भाड्याने देऊ. भाडेकरूला शांत झोप लागेल, एवढी हमी मी देऊ शकतो.

आज दुपारी शाळा नव्हती. मी भिंतीला टेकून बसलो होतो. काही वाचलं नाही.

तुझा धाकटा


९ मार्च

दादा,

पाकीट काल मिळालं. मेणकापडात गुंडाळलेला दाखला, आणि तुझी सही असलेलं संमतीपत्र. पोस्टमन दारात उभा असताना ही कणकेच्या हाताने बाहेर आली, तिने पाकीट माझ्या हातून घेतलं आणि उंबऱ्यातच फोडलं. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. मी आधी पत्र वाचीन आणि सही आहे की नाही ते बघायला विसरेन असं तिला वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हतं.

दाखला मी फार वेळ बघत बसलो. एकतीस वर्षांपूर्वीचा कागद, पण घडीवरसुद्धा फाटलेला नाही. खाली बांधणाऱ्याची सही म्हणून तुझी सही. तेव्हा तू तीस वर्षांचा होतास. आज माझ्या हाताखाली त्या वयाचे शिक्षक आहेत, त्यांना मी पोरं म्हणतो.

वहिनींचं पत्र आलं त्याचा आनंद वेगळा. मी मागच्या पत्रात विचारलं नव्हतं, तरी त्यांनी उत्तर दिलं आहे. लिहितात, “तुम्हाला तेव्हाच का सांगितलं नाही असं मी ह्यांना विचारलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तो पुस्तकाकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघत बसला असता.” दादा, माझ्यावरची इतकी अचूक टीका सव्वीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकाला जमलेली नाही.

पुढे लिहितात की भुशाची चाळीस पोती तू कारखान्यातून रोज संध्याकाळी सायकलवरून दोन-दोन आणलीस. म्हणजे वीस संध्याकाळी. मी तेव्हा ह्याच अंगणात असणार. मला पोती आठवतात. मला वाटायचं तू चुलीसाठी आणतोस. मी एकदा म्हणालोसुद्धा, की इतका भुसा कशाला, वर्षभर पुरेल. तू म्हणालास, “पुरायलाच आणलाय.”

हे सगळं तू कसं काय पोटात ठेवलंस, ते मला समजत नाही. मी एखाद्याला पेन दिलं तरी संध्याकाळपर्यंत चार जणांना सांगतो.

सुनावणी अठरा तारखेला आहे. आता एक अडचण, आणि ती माझीच. अर्जात मुद्दा क्रमांक एक अजून बसलेला आहे. त्याच्या खाली आता तुझी सही आहे. तू तो वाचूनच सही केली असणार, कारण न वाचता तू कशावर सही करत नाहीस. मी खिडकीवरच्या बाईंकडे गेलो आणि म्हटलं, पहिला मुद्दा खोडायचा आहे. त्या म्हणाल्या, “दाखल अर्जात खाडाखोड चालत नाही, सर. सुनावणीत तोंडी मागे घ्या, साहेब लिहून घेतील. पण कशाला मागे घेताय, राहू दे की, दोनांतला एक लागला तर लागला.”

मी म्हटलं, “नको. तो खोटा आहे.”

“मोजमाप खोटं आहे?”

“मोजमाप खरं आहे. मुद्दा खोटा आहे.”

त्यांनी बोटातलं रबरी टोपण काढून ठेवलं. मग म्हणाल्या, “मग साहेबांपुढे एवढंच बोला. ह्याच्या पुढे बोलू नका.”

वहिनींना सांग, ही त्यांना वेगळं पत्र लिहिते आहे. चार पानं झाली आहेत आणि मला वाचायला दिलेली नाहीत. तू बरा आहेस असं वहिनींनी लिहिलं आहे, ते वाचून बरं वाटलं. त्यांनी ते पत्रात दोनदा लिहिलं आहे.

तुझा धाकटा


२२ मार्च

दादा,

निकाल आपल्या बाजूने लागला. इमारतीचं वय एकतीस धरलं, घरपट्टी जवळजवळ पहिल्या जागी आली. मागची खोली आपलीच राहिली. हे सगळं तुझ्या मेणकापडातल्या कागदाने झालं. मी फक्त तो नेऊन टेबलावर ठेवला.

पण सुनावणी कशी झाली ते सांगायला हवं.

साहेब तरुण आहेत, चष्मा डोक्यावर ठेवतात आणि वाचताना तो शोधतात. आमचा नंबर सातवा होता. खिडकीवरच्या बाई फाइल घेऊन बाजूला उभ्या होत्या. साहेबांनी विचारलं, “मुद्दा क्रमांक एक, क्षेत्रफळ. ह्यावर काय म्हणणं आहे?”

मी म्हटलं, “मागे घेतो.”

“कारण?”

दादा, बाईंनी सांगितलं होतं की ह्याच्या पुढे बोलू नका. मी बोललो. पण थोडंच. म्हटलं, “भिंत बरोबर आहे. चूक माझी होती. माझ्या भावाने बांधलेल्या कामात काही कमी नाही, असं लिहून घ्यावं.”

साहेब म्हणाले, “त्याची इथे गरज नाही.”

मी म्हटलं, “मला आहे.”

त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, “लिहू का, साहेब? एकच ओळ आहे.” आणि लिहिली. त्याची सही-शिक्क्याची नक्कल मी मागून घेतली आहे आणि ह्या पत्राला जोडली आहे. “अर्जदार मुद्दा क्र. १ मागे घेतात. बांधकामाबाबत त्यांची कोणतीही तक्रार नाही. चूक स्वतःची असल्याचे ते नमूद करतात.” जे मी चार लोकांत बोललो होतो ते चार लोकांतच परत घ्यायला हवं होतं. लोक तेच नव्हते, पण मोजून सात-आठ तरी होते, आणि रांगेतले एक आजोबा मान हलवत होते. माझ्या व्याह्यांना मी फोन करून वेगळं सांगितलं. ते म्हणाले, “आम्हाला तर तो विनोद आठवतसुद्धा नाही.” नऊ वर्षं तो फक्त आपल्या दोघांनाच आठवत होता.

मग मुद्दा क्रमांक दोन. साहेबांनी दाखला घेतला, शेजारी तुझं संमतीपत्र ठेवलं, आणि थांबले.

“ह्या दोन सह्या जुळत नाहीत.”

मी पुढे वाकून बघितलं. त्या आधी मी त्या शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. घरी दाखला बघत बसलो, सही आली म्हणून आनंद केला, पण दोन्ही एकत्र बघितल्या नाहीत.

दाखल्यावरची सही ओळंबा लावल्यासारखी सरळ आहे. एकेक अक्षर विटेसारखं बसवलेलं. संमतीपत्रावरची तशी नाही. ती वर जाते, खाली येते, मध्ये एका ठिकाणी पेन उचलून पुन्हा टेकवलेलं आहे, शेवटचं अक्षर ओळ सोडून फॉर्मच्या चौकटीबाहेर गेलं आहे.

“ही तुमच्या भावाचीच सही कशावरून?” साहेबांनी विचारलं. “दुसऱ्या कुणी केली असेल तर अर्ज बाद होईल.”

मी म्हटलं, “त्याचीच आहे. सही करण्याआधी तो एक टिंब टेकवतो. भिंतीची खूण करावी तसं. दोन्हीकडे बघा.”

दोन्हीकडे टिंब होतं. साहेबांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेऊन बघितलं. मग माझ्याकडून लिहून घेतलं, की ही सही माझ्या थोरल्या भावाची आहे, मी ती ओळखतो, आणि हे खोटं ठरल्यास मी जबाबदार. मी न अडखळता लिहिलं आणि खाली माझी सही केली. बाहेर येताना बाई माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “सर, काम झालं. आता घरी जाऊन भावाला फोन करा.” मी म्हटलं, तो उचलत नाही. त्या म्हणाल्या, “मग स्वतः जा.”

आज चार दिवस झाले. निकालाचं पत्र तुला त्याच संध्याकाळी लिहायचं होतं. तीन वेळा सुरू केलं. आभार लिहायला अडचण नव्हती, ते किती लिहिले तरी कमीच आहेत. भिंतीचे, पोत्यांचे, दाखल्याचे, आणि सगळं वाचूनही त्या फॉर्मवर सही केलीस त्याचे. अडचण पुढच्या ओळीची होती. मी हिला विचारलं, वहिनींनी तिला काही लिहिलं आहे का. ती म्हणाली, “त्यांनी तुम्हाला सांगायचं नाही म्हणून लिहिलंय,” आणि आत गेली.

तेव्हा आता आडवळणं न घेता लिहितो. तुझा हात कापतो, दादा. कधीपासून, आणि फक्त हातच की आणखी काही, ते मला माहीत नाही. मला भीती त्या घरपट्टीची कधीच नव्हती. तू बरा नाहीस, आणि तसं मला सांगावं इतका मी तुझा उरलो नाही, ह्याची वाटते.

तुझा धाकटा